हाफकिनप्रकरणातील पत्रे : एक परीक्षण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या खेड्यात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण पुढे धनुर्वाताने मृत्यू पावले. बाटली परळच्या प्रयोगशाळेतून आलेली होती. चौकशी आयोगाने दोषाचे मूळ त्या प्रयोगशाळेत आहे असे मानले आणि तिचे संचालक वाल्डेमार हाफकिन ह्यांना पद सोडावे लागले. ज्या गृहस्थाने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली, त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला.

पुढील पत्रव्यवहार वैद्यकेतिहासाचे साधन म्हणून पुष्कळदा वापरला जातो; गद्य म्हणून तो क्वचितच वाचला जातो. १९०७ साली रोनाल्ड रॉस ह्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ह्या प्रकरणी वारंवार लिहिले. २९ जुलै रोजी त्याच पत्रात दहा शास्त्रज्ञांचे संयुक्त निवेदन आले. रॉस ह्यांच्याप्रमाणे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्स्नर हेही त्यावर सही करणाऱ्यांत होते. संबोधन वृत्तपत्राच्या संपादकाला, रोख हिंदुस्थान सरकारवर, आणि साक्षीला सारा वाचकवर्ग, अशी ह्या लेखनाची तिहेरी रचना आहे. खासगी अर्जाला सरकार मौनाने उत्तर देऊ शकते. छापलेल्या पत्राबाबत तसे मौन महाग पडते.

एकट्याच्या सहीचे पत्र आणि दहा सह्यांचे निवेदन ह्यांत स्वराचा फरक असणे स्वाभाविक आहे. रॉस हे वादपटू होते, आणि मलेरियावरील संशोधनाबद्दल १९०२ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचा अधिकार त्यांच्या शब्दामागे उभा होता. परंतु खरे बळ संयुक्त निवेदनातच आहे, कारण तेथे दयेची याचना नाही. आरोप पुराव्याने खोडला गेला आहे, एवढेच त्याचे प्रतिपादन. बचावाच्या युक्तिवादाचा गाभाही असाच कोरडा होता : धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर द्रवाला दुर्गंधी आली असती व लक्षणेही लवकर उमटली असती. उलट, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो कार्बोलिकच्या द्रवात केवळ बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता. जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याने आयोगाच्या निष्कर्षाचा पायाच डळमळीत व्हावा, ही गोष्ट कोणत्याही अलंकाराहून अधिक परिणामकारक आहे.

पार्लमेंटातही प्रश्न विचारले गेले. तथापि प्रश्नोत्तरांची भाषा शासनाला पळवाट ठेवते. पत्रातील तर्कशृंखलेला तशी फट नव्हती. १९०७ च्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले व कलकत्त्यास परतले, पण नव्या लशींच्या प्रत्यक्ष चाचण्यांची मोकळीक त्यांना मिळाली नाही. पत्रांना मिळालेले यश म्हणजे अर्धा न्याय होय. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

मात्र ह्या निवेदनाची एक मर्यादा त्याच्या प्रशंसकांनी सहसा नोंदविलेली नाही. वाद शास्त्रज्ञ आणि शासन ह्यांच्यात चालतो; ते १९ जण त्यात केवळ संख्या म्हणून येतात. दोष प्रयोगशाळेचा की गावातील हाताळणीचा, ह्याचा निर्णय झाला तरी मृतांच्या कुटुंबांप्रती शासनाचे देणे काय, हा प्रश्न उरतोच. आणि सही करणाऱ्या दहा जणांत मुलकोवालचा कोणीही नाही.