हालचालींची नोंद आणि मनोविकाराचे निदान

नृत्योपचारात रुग्णाच्या हालचालींवरून त्याच्या मनःस्थितीचा अंदाज बांधण्याची पद्धती आता चांगलीच रूढ झाली आहे. वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मॅरियन चेस यांनी १९४२ मध्ये मनोरुग्णांसाठी नृत्याचा उपयोग आरंभिला. रुडोल्फ लाबान यांच्या विवेचनातून भार, काल, अवकाश व ओघ या चार कोटींची परिभाषा मिळाली. आणि पुढे मार्था डेव्हिस यांनी मनोरुग्णांच्या हालचालींसाठी स्वतंत्र निरीक्षणसूची रचली. न बोलणाऱ्या रुग्णालाही काही सांगावयाचे असते, हे या परंपरेने दाखविले. तथापि नोंद आणि निदान यांतील अंतर ती पुरेसे राखते काय, असा प्रश्न भाषाभ्यासकास पडतो.

मराठीत 'काल' आणि 'काळ' हे शब्द केवळ ल-ळ या भेदाने वेगळे होतात. प्रमाण हिंदीत हा भेद अर्थभेदक नाही. ध्वनी वेगळा ऐकू येणे निराळे आणि त्याने अर्थ बदलणे निराळे. लाबान यांच्या कोटी पहिल्या पातळीवरच्या आहेत. हात कसा उचलला गेला हे त्या सांगतात. त्या समाजात त्याचा अर्थ काय, हे त्यांवरून कळत नाही.

समजा, पोखर्णीसारख्या देवस्थानाच्या गावातील एखादी स्त्री उपचारवर्गात ढोलकीच्या ठेक्यावर केस मोकळे सोडून घुमू लागली. 'डोक्याची आवर्ती हालचाल, ओघ अनिर्बंध' ही नोंद अचूकच ठरेल. परंतु मराठवाड्यात या हालचालीस 'अंगात येणे', 'वारे येणे' अशी नावे आहेत. ती ठरल्या प्रसंगी सुरू होऊन ठरल्या रीतीने शमत असेल, तर तो समाजाच्या देहभाषेचाच एक प्रयोग होय. तीच हालचाल अवेळी व अनावर होऊन त्या स्त्रीस क्लेश देत असेल, तर मात्र 'देवाचे आहे' म्हणून उपचार टाळणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाने समाजमान्य धार्मिक आचार व संचारविकार यांत भेद केला आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही केवळ समाजातील प्रचलित मूल्ये वा धर्मश्रद्धा यांच्याशी न जुळण्यावरून मनोविकार ठरविण्यास मनाई केली आहे.

आपली भाषाही येथे निर्दोष नाही. 'हातवारे' हा शब्द बहुधा केवळ वर्णन करतो. 'अंगविक्षेप' नापसंती सुचवितो. 'वेडेचाळे' तर निदानच करून मोकळा होतो. नोंद मराठीत करणाऱ्याने असे शब्द पारखूनच वापरावयास हवेत. शिवाय मनोविकारावरील काही औषधांमुळेच कंप, ताठरपणा किंवा एका जागी बसू न देणारी अस्वस्थता उद्भवते. औषधांची नोंद नसेल तर उपचाराचा परिणाम रोगाच्या खात्यावर मांडला जाईल.

म्हणून निरीक्षणपत्रकात तीन रकाने असावेत: प्रत्यक्ष पाहिलेली हालचाल, तिचा प्रसंग, समाज व औषधे यांचा संदर्भ, आणि अर्थ. तिसरा रकाना सर्वांत शेवटी, शक्य तेथे रुग्णास विचारून भरावा. तेवढ्यानेही निदान पूर्ण होते असे नव्हे. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाची तपासणी हवीच. हालचालींचे निरीक्षण तिला साहाय्यक ठरावे, तिची जागा घेणारे नव्हे.