ह्यूमसाहेबांची पत्रं

रॉबर्ट ह्यूम हे अमेरिकन मिशनरी १८७४ साली नगरला आले. त्यांची नि घरच्यांची पत्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठात जपून ठेवलीत. लोक ती पुरावा म्हणून वाचतात. वाचावीत, पण पत्र कुणाला धाडलंय ते आधी बघावं. मिशनची पुष्कळ पत्रं देणगीदारांसाठी असायची. त्यात उपाशी पोरं दिसणारच. सारा मागणारं सरकार किती दिसतं, ते शोधावं लागतं. दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं ह्यूमसाहेबांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. असा माणूस सरकारवर किती मोकळं लिहिणार?

१९०० साली न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ जहाज मका घेऊन मुंबईला आलं, ते उपकार नाकारायचे नाहीत. (बाजरी खाणाऱ्यांना मका! पण भुकेला काय.)

आमच्या बाजूचा कागद कुठंय? १८७५ ला सुप्यात नि नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. बरोबरच केलं, कागद म्हणजे गळ्याला फास, एवढंच त्यांना ठाऊक. स्वतःच्या हातचं त्यांचं काही मागं नाही. म्हणून साहेबांच्या पत्रात नुसतं ‘एक बाई’ आलं, तर तिचं गाव कोणतं नि रान कुणाकडं गहाण होतं, ते वाचणाऱ्यानं विचारलं पाहिजे.