प्रश्नकर्त्याची कसोटी : एका दशकातील पोलिश चित्रपट आणि ‘सामना’

पोलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, निर्माण झालेल्या काही चित्रपटांस ‘नैतिक अस्वस्थतेचा चित्रपट’ असे नाव मिळाले. याच दशकात, ऑक्टोबर १९७८ मध्ये, क्राकोचे कार्डिनल कारोल वोयतिवा पोपपदी आरूढ झाले. तथापि या चित्रपटांत चर्च फारसे दिसत नाही. म्हणून ते धर्मशिक्षकाच्या उपयोगाचे नाहीत असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे.

आंजेय वायदा यांच्या ‘मॅन ऑफ मार्बल’ (१९७७) मध्ये एक विद्यार्थिनी बिरकूत नावाच्या गवंड्याचा शोध घेते. एके काळी शासनाने ज्याचे पुतळे उभारले, त्याचे नावही पुढे पुसले गेले. मराठी वाचकांस येथे जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ (१९७५) आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही एक सामान्य माणूस, मारुती कांबळे, नाहीसा झाला आहे, आणि त्याचे काय झाले हा प्रश्न साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलांची पाठ सोडत नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाला विचारला गेला तो हाच प्रश्न होय.

परंतु प्रश्न विचारतो कोण? वायदांची नायिका तरुण, निर्भय आणि, आमच्या मते, काहीशी निष्कलंकच आहे. तेथे चित्रपट दुबळा होतो. ‘सामना’मधील मास्तर (डॉ. श्रीराम लागू) मद्यपी आहे. ज्याच्या घरचे अन्न खावे, ज्याचे मद्य प्यावे, त्यालाच तो हा प्रश्न विचारतो. त्याच्या शब्दांचे वजन त्याच्या शुद्ध चारित्र्यातून आलेले नाही. प्रश्नच खरा आहे.

क्रिस्तॉफ किश्लोव्स्की यांचा ‘कॅमेरा बफ’ (१९७९) याहून पुढे जातो. कारखान्यातील फिलिप आपल्या नवजात कन्येसाठी कॅमेरा घेतो. पुढे तो गावातील इमारतींचे रंगविलेले दर्शनी भाग आणि त्यांच्या मागची पडझड चित्रित करतो. (मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील चुना लावलेल्या कबरांची आठवण येथे अपरिहार्य आहे.) दाखविले ते सत्यच, पण त्याची झळ वरच्या अधिकाऱ्यांस लागत नाही, त्याच्याशी चांगुलपणाने वागलेल्या ओसुख यांची नोकरी मात्र जाते. इकडे पत्नी कन्येसह घर सोडून गेलेली असते. शेवटी फिलिप कॅमेरा स्वतःकडे वळवून आपली कहाणी सांगू लागतो.

हे पापनिवेदन आहे काय? आमच्यापैकी काहींना ते निव्वळ आत्ममग्नता वाटले, आणि तो आक्षेप सर्वस्वी निराधार नाही, कारण फिलिप ओसुख यांच्या दारी गेलेला नाही. येथे उज्जैनला क्षिप्रेच्या घाटांवर पापक्षालनार्थ येणारी गर्दी आपण नित्य पाहतो. ‘आपले पाप कोणापुढे सांगावे?’ हा प्रश्न येथील धर्मशिक्षकाला केवळ पुस्तकी राहत नाही. फिलिपपुढे ऐकणारा कोणी नाही, यंत्र आहे.

उपदेशपीठावरून एखाद्याचा दोष उघड करण्यापूर्वी आपण त्या माणसाकडे एकट्याने गेलो होतो काय, हा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम फिलिपने पाळला नाही. धर्मशिक्षकांच्या वर्गात हा चित्रपट दाखविणाऱ्यांनी चर्चा कॅमेऱ्यापासून नव्हे, ओसुख यांच्यापासून आरंभावी.