यात्रेचे मैदान आणि संबंधजालाचे प्रतिमान

भिन्न संगीतव्यवहारांतील नाती सामाजिक संबंधजालाच्या प्रतिमानातून वाचण्याची रीत समाजशास्त्रातून आली. हॉवर्ड बेकरने ‘आर्ट वर्ल्ड्‌स’ (१९८२) मध्ये कलाकृतीमागील सामूहिक सहकार्य दाखवले. निक क्रॉसलीने इंग्लंडमधील पंक संगीताच्या अभ्यासात त्याचे बिंदू आणि रेषांत मापन केले. कलावंत हा बिंदू, सहवादन ही रेषा. हे प्रतिमान नांदेड-लातूरला लावताच अडचण उद्‌भवते ती रेषेची.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा पाहावी. मार्गशीर्षात घोडेबाजाराच्या आसपासच वाघ्या-मुरळीची गाणी, तमाशाचे फड आणि लावणीचा मंच नांदत असतात. अशा ठिकाणी नोंद होते ती उपस्थितीची. म्हणून अभ्यासक कलावंत आणि प्रसंग यांची सारणी मांडतो व पुढे प्रसंग गाळून कलावंतांनाच परस्परांशी जोडतो. या रूपांतराचे गणित रोनाल्ड ब्रायगरने १९७४ साली सिद्ध केले. गणित निर्दोष आहे. परंतु त्यायोगे एका मैदानात रात्र काढलेले सारेच परस्परसंबंधित ठरतात. वाघ्या आणि फडमालकीण कधी एका पंगतीस बसले काय, हा प्रश्न त्या आलेखाला विचारताच येत नाही.

आंबेडकरी गीतांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव हिंडले खरे. तथापि जिथे ते गेले नाहीत तिथेही त्यांचे गीत तोंडोतोंडी गेले. कव्वालीची वा चित्रपटगीताची चालही अशीच, कोणाची ओळखदेख नसताना, गायनपार्टीच्या पेटीवर उतरते. ग्रॅनोव्हेटरच्या (१९७३) ‘दुबळ्या धाग्यां’ना किमान तोंडओळख तरी लागते, इथे तीही नाही. चाल वेस ओलांडते, माणूस अलीकडेच राहतो.

खरा पेच रिकाम्या जागेचा आहे. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन आणि वस्तीतील भीमगीत यांच्यात रेषा आढळली नाही, तर रोनाल्ड बर्टच्या (१९९२) परिभाषेत तिथे ‘संरचनात्मक पोकळी’ असते, आणि ती मध्यस्थाची संधी मानली जाते. ही परिभाषा बाजारपेठेची आहे. मराठवाड्यात ती पोकळी जातीची बंदी असू शकते. १९५६ च्या धर्मांतरानंतर देवकार्यातले वाजवणे नाकारणाऱ्यांचा निर्धारही असू शकते. आलेखात दोन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात. हलगी खाली ठेवून पेटी हाती घेणारा वादक त्यात संबंध तुटलेला एक बिंदू म्हणून उरतो.