पडणाऱ्यांची यादी

यात्रेच्या कुस्त्यांत फडाच्या कडेला बसलेले म्हातारे कोण जिंकणार हे सहसा सांगत नाहीत. जोड लागली की ते पहिलवानाच्या पायांकडे पाहतात आणि हळूच म्हणतात, 'हा जाणार.' बहुधा तो जातो. लहानपणी मला त्यांचा फार राग येई, कारण ज्याला ते 'जाणार' म्हणत तोच नेमका मला आवडलेला असे. पुढे सिनेमाच्या पारितोषिकांच्या बाबतीत माझीही गत त्या म्हाताऱ्यांसारखीच झाली.

मी धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका गावी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, चित्रकलेची पदविका तेवढी वर. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांतल्या एकीलाही बक्षीस मिळालेले नाही. म्हणून या विषयावर मी निर्विकारपणे लिहीत आहे असे वाचकांनी कृपा करून समजू नये.

पारितोषिकांचा हंगाम आला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत पैजा लागतात. मी त्यांत नसतो. माझ्यापाशी एक शंभर पानी वही आहे. तिच्यात नामांकन मिळालेल्यांपैकी कोण पडणार ते मी आधी लिहून ठेवतो. आता पाच नावांत चार पडायचीच. डोळे मिटून बोट ठेवले तरी पाचांत चार वेळा माणूस बरोबर ठरेल. यात पांडित्य काहीच नाही. म्हणून वहीला एक नियम आहे: नावापुढे कारण लिहायचे, आणि निकालानंतर नाव नव्हे, कारण तपासायचे.

पहिली नोंद 2002 सालची, 'लगान'ची. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला, तेव्हा गावोगाव जणू भुवनच अमेरिकेला निघाला होता. मी लिहिले, 'पडणार.' कारण तेव्हाच्या नियमात होते. परभाषी चित्रपटांच्या विभागात ज्याने पाचही चित्रपट प्रत्यक्ष जाऊन पाहिले असतील त्यालाच मत देता येई. म्हणजे मतदार बहुतेक सवड असलेले, वयस्कर. आणि त्यांच्यापुढे पावणेचार तासांचा चित्रपट, त्यातला उत्तरार्ध अमेरिकेत कोणी खेळत नाही अशा खेळाचा! 'लगान'चे बळ आहे लांबण लावण्यात. एकेक गडी जमवीत जायचे, कचऱ्याच्या वाकड्या हाताला काम द्यायचे, शेवटच्या चेंडूपर्यंत श्वास धरायचा. ही कीर्तनातल्या आख्यानाची रीत आहे. आपण तिच्यावर वाढलो, त्यांना ती सामना लांबल्यासारखी वाटणार. समोर बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड' होता. दीडएक तासाचा, एका खंदकातला, सुरुंगावर निजलेल्या माणसाचा. त्याला जानेवारीत गोल्डन ग्लोब मिळाले होते, तरी पुष्कळांनी पैसे लावले ते फ्रान्सच्या 'अमेली'वर. 24 मार्चच्या समारंभात 'लगान'ही पडला आणि 'अमेली'ही. पण 'लगान'विषयीचे माझे प्रेम तसूभर उणे झाले नाही.

'मदर इंडिया'ची गोष्ट याहून जुनी, 1958 सालची. तो एका मताने हरला अशी आख्यायिका आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. एका मताने हरणे आपल्याला फार आवडते. त्यात जिंकल्याचे समाधान असते आणि अन्याय झाल्याचेही. मला त्यातले एवढेच दिसते की, हे पारितोषिक वर्षाच्या वर्षाला मतास टाकायला सुरुवात झाली ती 1957 पासून, आणि पहिली दोन्ही वर्षे ते फेलिनीनेच नेले. मतदारांची आवड आदल्या वर्षीच कळली होती.

जाता जाता एक गंमत. 1963 च्या फिल्मफेअर पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी तीन नामांकने होती आणि तिन्ही मीनाकुमारीची. 'साहिब बीबी और गुलाम'ची मीनाकुमारी जिंकली. 'आरती' आणि 'मैं चुप रहूंगी' यांतल्या दोघी पडल्या. अशा वर्षी माझ्या वहीने काय करावे?

पण माझ्या वहीतले खरे दुखणे दुसरेच आहे. जुने निकालही मी, ते अजून लागायचे आहेत असे समजून, तपासतो. 1978 साली फिल्मफेअरने श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला हा चित्रपट. तो ज्या एका बाईच्या चेहऱ्यावर उभा आहे ती स्मिता पाटील मात्र पडली. ती शिरपूरच्या घरची, म्हणजे आमच्या खानदेशची, म्हणून मी चिडलो आहे असे कोणी म्हणेल; तर तसेही आहे. तरी कारण शोधायला हवेच. घर उत्तम म्हणायचे आणि घराचा खांब दुय्यम, हे कसे?

जिंकली ती शबाना आझमी, 'स्वामी'साठी. ते काम हलके नाही. शरच्चंद्रांच्या त्या कथेतली सौदामिनी मनाविरुद्ध लग्न होऊन येते, घुसमटते, घर सोडते. पण शेवटी नवरा तिला घ्यायला येतो आणि ती परतते. पाहणारा डोळे पुसत उठतो आणि त्याचे घर जिथल्या तिथे असते. 'भूमिका'तली उषा परतत नाही. नवरा सोडते, दुसरा धरते, तोही सोडते. मोठ्या वाड्यात मान मिळेल म्हणून जाते, तर उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला तिथे बंदी. शेवटी हॉटेलच्या खोलीत ती एकटी असते. स्मिता पाटील या बाईसाठी दया मागत नाही. वाड्यातून बाहेर पडता येणार नाही हे कळते तेव्हा तिचा चेहरा रडका होत नाही, हिशेब करणाऱ्या बाईसारखा होतो. चित्रपट म्हणून हे थोर आहे, असे म्हणायला परीक्षकाला काही पडत नाही. पण त्या बाईच्या हातात बाहुली द्यायची म्हणजे तिला घरात घेण्यासारखे आहे. म्हणून मी कारण लिहिले: 'परत न आलेली बाई.' राष्ट्रीय पारितोषिक मात्र त्याच भूमिकेसाठी तिला मिळाले. पुढे 1982 साली 'चक्र'मधल्या झोपडपट्टीतल्या अम्मासाठी फिल्मफेअरही मिळाले, आणि ती अम्मा तर कोणाच्याच घरात मावणारी नाही! तेव्हा माझे कारण सर्वकाळ टिकणारे नाही, हे मी तिथेच नोंदवून ठेवले आहे. 1978 पुरते ते मला अजून पटते.

आता 'श्वास'विषयी. हे लिहावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो.

1954 साली आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, म्हणून आमच्याकडे ते पदक घरचेच मानतात. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 2004 साली, देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट पुन्हा मराठी ठरला: संदीप सावंतांचा 'श्वास'. तो ऑस्करला पाठवायचे ठरले. तिथे चित्रपट दाखवायला, जाहिरातीला पैसा लागतो, आणि निर्मात्यांजवळ तो नव्हता. महाराष्ट्रभर वर्गणी सुरू झाली. मी नवाच शाळेत लागलो होतो. मुलांनी एक पत्र्याचा डबा वर्गात ठेवला आणि दिवाळीच्या फटाक्यांतले पैसे त्यात टाकले. पाचवीतल्या एका मुलाने विचारले, 'सर, जिंकेल ना आपला?' मी म्हणालो, 'जिंकेल.' आदल्याच रात्री मी वहीत लिहिले होते: 'श्वास. शेवटच्या पाचांतही जाणार नाही. कारण: विषय लहान. एक आजोबा, एक नातू, डोळ्याचा कर्करोग, एक शस्त्रक्रिया. जगाला मोठे विषय लागतात.'

जानेवारी 2005 मध्ये पाच नावे आली. त्यांत 'श्वास' नव्हता. डबा कपाटावर तसाच उरला, मुलांनी मला काही विचारले नाही. नाव बरोबर आले म्हणून मी वहीत खूण केली. आणि कारण न तपासताच केली, हा नियमभंग.

त्या पाचांतले दोन चित्रपट मला बऱ्याच वर्षांनी पाहायला मिळाले. जिंकलेला स्पेनचा 'द सी इनसाइड' म्हणजे अंथरुणाला खिळलेला एक माणूस आणि मरण मागण्याचा त्याचा हट्ट. पडलेल्यांतला दक्षिण आफ्रिकेचा 'यस्टरडे' तर 'श्वास'चा सख्खा भाऊ म्हणावा असा. खेड्यातली बाई, तिला एड्स. मुलगी शाळेत जाईपर्यंत जगायचे, एवढीच तिची इच्छा. मुलीला घेऊन ती दूरच्या दवाखान्यापर्यंत चालत जाते, तिथे रांग एवढी की तिचा नंबर लागतच नाही, ती चालत परत येते. म्हणजे विषय तेवढाच लहान. माझे कारण खोटे होते.

मग मी 'श्वास' पुन्हा पाहिला. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा परशाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात आणि उद्या न दिसणारे जग त्याला आज दाखवतात. तो भाग मला अजूनही अप्रतिम वाटतो. अरुण नलावडे तिथे अभिनय करतात असे वाटतच नाही. परंतु दवाखान्यातल्या प्रसंगांत डॉक्टर आणि समाजसेविका आपल्याला फार समजावून सांगतात. 'यस्टरडे'त रस्ता नुसता लांबत जातो, तो लांब आहे हे कोणी बोलत नाही. 2004 साली मला हे दिसले नाही, कारण पडणार म्हटल्यावर चित्रपटाकडे नीट पाहायचेच मी सोडून दिले होते.

पुढे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' 2009 साली गेला, 'कोर्ट' 2015 साली गेला. दोन्ही शेवटच्या पाचांत आले नाहीत. त्या दोन्ही वेळी मी वहीत काही लिहिले नाही. 'श्वास'पुढचे जुने कारण मी खोडले आहे. नवे लिहावे असे वाटते; पण डॉक्टरांचे बोलणे जास्त झाले म्हणून हरला, असे तरी खात्रीने कसे म्हणू? जाहिरातीचा पैसा कमी पडला असेल, मतदार दमला असेल. या सुट्टीत दोन्ही चित्रपट आठवी-नववीच्या मुलांना एकापाठोपाठ दाखवायचे ठरवले आहे, आधी 'यस्टरडे'. डब्यात पैसे टाकणाऱ्यांपैकी एकजण आता गावातच दुकान चालवतो. पडदा लावायला तोच येणार आहे.