‘८० टक्के दूषित’ म्हणजे नक्की काय? अर्कात उरलेल्या सॉल्व्हंटवरचे दोन पेपर

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी पेपर वाचायला बसाल. आज असा एक पेपर घेऊ, ज्याचा नुसता ॲबस्ट्रॅक्ट वाचून थांबलं तर माणूस हमखास फसतो. रेबर, एल्झिंगा आणि कॅप्लन यांचा, २०१५ साली ‘जर्नल ऑफ टॉक्सिकॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये आलेला. विषय आहे गांजाचे दाट अर्क आणि त्यात राहून जाणारी घाण.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत गांजातली राळ ब्युटेनसारख्या सॉल्व्हंटने काढतात आणि मग सॉल्व्हंट घालवतात. घरी हे उद्योग करणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं: ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, मग तो उरेलच कसा? उरतो. गुऱ्हाळावर रस आटताना पाहिला असेल तर आठवा. पातळ रसात बुडबुडे भराभर फुटतात. काकवीइतका दाट झाला की तेच बुडबुडे अडकतात, फुगतात, जड होऊन एकेक फुटतात. उत्कलनबिंदू असतो शुद्ध द्रवाचा. राळेत विरघळलेल्या रेणूला आधी पृष्ठभागापर्यंत पोचावं लागतं, आणि सॉल्व्हंट कमी होतं तशी राळ आणखी घट्ट होत जाते. म्हणजे प्रश्न उकळण्याचा कमी आणि विसरणाचा जास्त. ‘बुडबुडे थांबले’, ‘वास गेला’ हे पुरावे नव्हेत. (उडून गेलेला ब्युटेनही कुठे नाहीसा होत नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास पोचला की ठिणगी पुरते. सिलिंडरच्या गळतीत होतं तेच.) आपल्याकडे तर १९८५च्या एनडीपीएस कायद्यात चरसच्या व्याख्येतच ‘हशीश ऑइल’ येतं, त्यामुळे घरी करून बघण्याचा विषयच संपतो. आपल्याला रस आहे तो मोजमापात.

तर पेपर. ५७ नमुने तपासले, ८० टक्क्यांहून जास्त ‘काही ना काही स्वरूपात’ दूषित. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला. इंदिरानगरात आम्ही चौघं-पाचजण रविवारी जर्नल क्लब भरवतो, तिथे या ‘काही ना काही’वर तासभर वाद झाला, आणि तो रास्त होता. कारण त्या एका टोपलीत उरलेलं सॉल्व्हंटही आहे आणि कीटकनाशकंही. कीटकनाशक शेतातून येतं आणि राळेबरोबर आणखी दाट होतं. सॉल्व्हंट प्रक्रियेतून येतं. पहिल्यावर अर्क कितीही वेळ ठेवून उपयोग नाही, दुसऱ्यावर निदान प्रयत्न करता येतो. दोन वेगळे आजार आणि एकच टक्का! तुमच्या प्रबंधात असं वाक्य असतं तर गाईडने लाल पेनाने गोल केला असता.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. दूषित ठरवलं कशावरून: सापडलं म्हणून, की मर्यादेपेक्षा जास्त निघालं म्हणून? कॅलिफोर्नियात सक्तीची तपासणी २०१८मध्ये सुरू झाली. २०१५मध्ये मोजपट्टी उसनीच घ्यावी लागत होती, आणि ती साहजिकच औषधांची, म्हणजे आयसीएचच्या ‘क्यू३सी’ मार्गदर्शिकेची. त्यात बेंझीनला २ पीपीएम, हेक्झेनला २९० पीपीएम अशा मर्यादा आहेत. पण ब्युटेन त्या यादीतच नाही. पेट्रोलियम ईथर आहे, तर ‘पुरेशी विषशास्त्रीय माहिती नाही’ या तक्त्यात. ज्या दोन सॉल्व्हंटची इथे सर्वांत जास्त गरज, त्यांनाच आकडा नाही.

आकडे आहेत तिथेही जपून. आपल्याकडे सॉल्व्हंटने काढलेल्या रिफाइन्ड खाद्यतेलात हेक्झेन ५ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. मग औषधात २९० कसा? दिवसाला २.९ मिलिग्रॅम ही मूळ मर्यादा, आणि रोजचा डोस १० ग्रॅम धरून आलेला २९० हा आकडा. अर्ध्या ग्रॅमच्या गोळीतून २९० पीपीएमने जातात ०.१४५ मिलिग्रॅम, रोजच्या ३० ग्रॅम तेलातून ५ पीपीएमने ०.१५. जवळपास तेवढंच! पीपीएम एकटा काही सांगत नाही, रोज किती पोटात जातं ते विचारा. इथे तर पोटही नाही, वाफ फुप्फुसात जाते. गोळीचा आकडा तिला तसाच लावणं मला पटत नाही. लेखकांनी वाफेतून कॅनाबिनॉइड किती पोचतात ते मोजलं, आणि ते काम चांगलं आहे. तोच प्रश्न सॉल्व्हंटबद्दल विचारायला हवा होता.

याच्या शेजारी रोमानो आणि हेजकॅम्प यांचा २०१३चा, ‘कॅनाबिनॉइड्स’मधला पेपर ठेवा. लोक घरी ‘औषधी तेल’ म्हणून जे बनवतात, तेच त्यांनी प्रयोगशाळेत नॅफ्था, पेट्रोलियम ईथर, इथेनॉल आणि ऑलिव्ह तेल वापरून बनवून पाहिलं. प्रशिक्षित हातांनी करूनही पेट्रोलियमच्या दोन्ही अर्कांत अवशेष निघाले, आणि त्यांनी कौल दिला ऑलिव्ह तेलाला. आवाका छोटा, पण प्रश्न नेमका. मला हा पेपर जास्त आवडतो. त्यात ‘दूषित’ म्हणजे काय हे शोधत बसावं लागत नाही.

दोन्ही वाचताना पद्धतीचा भाग मात्र वगळू नका. हेडस्पेस पद्धतीत बाटलीतल्या नमुन्यावरची हवा जीसीमध्ये जाते. राळ सॉल्व्हंटला धरून ठेवते, त्यामुळे हवेत कमी येतं आणि आकडा खोटा कमी निघू शकतो. स्टँडर्ड कशात विरघळवली होती? तेलकट नमुन्यात ठरावीक सॉल्व्हंट मुद्दाम घालून ते परत किती मिळालं? आज आयुष परवान्याखाली विजया अर्काच्या बाटल्या उघड विकल्या जातात. एखाद्या बाटलीचं तपासणी प्रमाणपत्र हाती आलं आणि त्यावर नुसतं ‘आढळले नाही’ असेल, तर किती पीपीएमच्या खाली आढळत नाही, हा रकाना आधी शोधा.