बीभत्स आणि हास्य

हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस होत, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मानले आहे. पीटर जॅक्सन यांचा न्यूझीलंडमधील ‘ब्रेनडेड’ (१९९२) हा चित्रपट या विरोधावरच उभा आहे. १९५७ सालच्या वेलिंग्टनमधील एका प्रतिष्ठित घरातली आई एका हिंस्र प्राण्याच्या दंशाने सडू लागते. भोजनसमयी तिचा कान गळून पडतो आणि ती तोच खाते. मुलगा मात्र पाहुण्यांसमोर शिष्टाचार सांभाळीत राहतो. येथे हसू येते ते रक्तामुळे नव्हे, तर देह कुजला तरी प्रतिष्ठा टिकविण्याच्या त्या केविलवाण्या धडपडीमुळे.

उत्तरार्धात हाच मुलगा गवत कापण्याचे यंत्र घेऊन प्रेतांच्या गर्दीत शिरतो. कल्पकता अफाट आहे. परंतु कापली जाणारी ही शरीरे बहुतांशी कोणाचीच नसतात. त्यामुळे हास्य बोथट होते आणि उरते ती केवळ संख्या. याउलट एडगर राइट यांच्या ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये (२००४) नायकाला दंश झालेल्या आपल्या आईवरच गोळी झाडावी लागते. तेथे हास्य थांबते, पण प्रेक्षक दुरावत नाही. बीभत्साला विनोदाची जोड द्यावयाची, तर मरणाऱ्याला आधी माणूस म्हणून जगू द्यावे लागते.